समुद्रातील नत्र स्थिर करणारे सूक्ष्मजीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी ते मे या काळात, वारा पडलेला आणि पाणी तापलेले असताना, गोवा, कोकण किंवा कर्नाटकच्या किनाऱ्यापासून थोडे आत गेले की समुद्रावर कधीकधी लाकडाच्या भुशासारखे तपकिरी-पिवळट पट्टे तरंगताना दिसतात. त्यांविषयी आणि एकूणच समुद्रात नत्र बांधणाऱ्या जीवांविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. शेतीच्या पुस्तकांतून परिचित असलेला ‘नत्र’ हा शब्द आणि ‘नायट्रोजन’ हा शब्द येथे एकाच अर्थाने वापरले आहेत.

समुद्रावर तरंगणारा हा भुसा म्हणजे तेलाचा तवंग की कारखान्याची घाण?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. तो ट्रायकोडेस्मियम नावाच्या नील-हरित जीवाणूचा बहर असतो. या जीवाणूच्या पेशी एकापुढे एक जोडल्या जाऊन केसासारखा तंतू तयार होतो आणि असे अनेक तंतू, कधी दहा-वीस तर कधी दोनशेच्या आसपास, एकत्र येऊन एक-दोन मिलिमीटरची जुडी बनते. तंतू समांतर असले तर ती झाडूच्या काड्यांच्या पेंडीसारखी दिसते आणि मध्यातून चहूकडे पसरलेले असले तर कापसाच्या बोंडासारखी. सूक्ष्मजीव असूनही नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या फार थोड्या जीवांपैकी हा एक आहे.

खलाशांना तो पूर्वीपासून ठाऊक होता. कॅप्टन कुकच्या जहाजावरील माणसांनी त्याला ‘समुद्राचा भुसा’ असे नाव दिले होते, असे डार्विनने लिहून ठेवले आहे. डार्विनने स्वतः तो १८३२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, अब्रोल्योस बेटांपाशी पाहिला. त्याआधी १८२३ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग याने तांबड्या समुद्रात त्याचा लाल पट्टा पाहिला होता आणि १८३० मध्ये त्याने या जीवाला आजचे शास्त्रीय नाव दिले. तांबड्या समुद्राचे नाव याच जीवावरून पडले असावे, असा तर्क नेहमी केला जातो. मात्र हा जीव हवेतील नत्र बांधतो, हे कळायला आणखी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९६१ मध्ये रिचर्ड डग्डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटिकमधील सारगॅसो समुद्रात ते दाखवून दिले.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असताना समुद्रात नत्राची टंचाई कशी?

समुद्राच्या पाण्यातही नायट्रोजन वायू भरपूर विरघळलेला असतो. अडचण प्रमाणाची नसून बंधाची आहे. नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि बहुतेक सजीवांकडे तो बंध तोडण्याचे साधन नसते. त्यांना नत्र नायट्रेट, अमोनिया किंवा युरिया अशा रूपातच लागते. उष्ण कटिबंधातील खुल्या समुद्राच्या वरच्या, उन्हाच्या थरात ही रूपे इतकी कमी असतात की साध्या रासायनिक चाचणीत त्यांची नोंदही होत नाही. सूर्यप्रकाश मुबलक, पाणी उबदार, नायट्रोजन वायूचा तुटवडा नाही आणि तरीही पाणी जवळजवळ ओसाड, अशी तेथील अवस्था असते. खोल समुद्राची निळाई डोळ्यांना सुखावते, पण तिचा अर्थ त्या पाण्यात वनस्पतीप्लवक, म्हणजे तरंगत राहून उन्हावर अन्न बनवणारे सूक्ष्मजीव, फारसे नाहीत, एवढाच असतो.

या ओसाड पाण्यात ज्यांना तो बंध तोडता येतो, अशा जीवाणूंचे काही मोजके गट राहतात. त्यांच्या कामाला नत्र-स्थिरीकरण म्हणतात.

स्थिरीकरणात नेमके काय घडते आणि त्याला किती खर्च येतो?

नायट्रोजिनेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, नायट्रोजनच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू तयार करते. त्यासाठी आठ इलेक्ट्रॉन लागतात आणि पेशीतील ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. शिवाय प्रत्येक फेरीत थोडा हायड्रोजन वायू बनून निसटतो, म्हणजे पदरमोड वेगळीच. आयते नायट्रेट वापरण्यापेक्षा हा व्यवहार महाग पडतो. म्हणून पाण्यात नायट्रेट किंवा अमोनिया भरपूर असेल तेव्हा यांतील बरेच जीव स्थिरीकरण आवरते घेतात.

अलिबागजवळ थळ येथे समुद्रकाठीच अमोनिया आणि युरिया तयार करणारा मोठा कारखाना आहे. अशा कारखान्यांत हेच काम हेबर-बॉश पद्धतीने, चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमानात आणि हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाबाखाली केले जाते. समोरच्या समुद्रातला जीवाणू तेच काम २८ अंशांच्या पाण्यात करतो. म्हणून त्याचे काम सोपे आहे असे मात्र नाही. त्याचा सगळा जीवनक्रमच या एका विकराच्या मागण्या पुरवण्याभोवती रचलेला आहे आणि पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या मागण्यांतूनच निघतात.

हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत चालते तेच हे काम आहे का?

रासायनिक क्रिया तीच आहे आणि विकरही त्याच कुळातले आहे, परिस्थिती मात्र वेगळी आहे. हरभरा, तूर किंवा भुईमुगाच्या मुळांवरील गाठीत रायझोबियम जीवाणूला झाड साखर पुरवते आणि गाठीतला प्राणवायू मोजूनमापून आत सोडते. भाताच्या खाचरात वापरले जाणारे नील-हरित शेवाळ ट्रायकोडेस्मियमचे अधिक जवळचे नातलग आहे. खुल्या समुद्रात मात्र ना माती, ना मूळ, ना गाठ. तेथे बहुतेक जीवांना आपली साखर स्वतः उन्हात तयार करावी लागते आणि तीच खर्चून नत्र बांधावे लागते.

प्राणवायूने नायट्रोजिनेज निकामी होते, मग प्रकाशसंश्लेषण करून प्राणवायू सोडणारा जीव ते वापरतो कसे?

या सगळ्या विषयातला हा सर्वांत रंजक प्रश्न आहे. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साचू लागला तो सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी. नायट्रोजिनेज त्याहून जुने असावे, असे पुरावे सांगतात. प्राणवायू नसलेल्या जगात घडलेले हे विकर प्राणवायूच्या स्पर्शाने कायमचे निकामी होते. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशीत तर प्राणवायू आतच तयार होतो. विस्तव आणि कापूस एकाच घरात ठेवण्याचा हा प्रकार आहे आणि समुद्रातील जीवांनी तो निरनिराळ्या तऱ्हांनी निभावला आहे.

पहिली तऱ्हा जागा वेगळी करण्याची. रिचेलिया या नील-हरित जीवाणूच्या छोट्या तंतूच्या टोकाला हेटरोसिस्ट नावाची जाड भिंतीची खास पेशी असते. तिच्यात प्राणवायू बनत नाही आणि बाहेरचाही सहजी शिरत नाही. नत्र बांधण्याचे काम फक्त तिच्यात चालते. शेजारच्या पेशी तिला साखर देतात आणि तिच्याकडून नत्र घेतात.

दुसरी तऱ्हा वेळ वेगळी करण्याची. क्रोकोस्फेरा हा एकपेशीय जीव दिवसा प्रकाशसंश्लेषण करून साखर साठवतो आणि रात्री, प्राणवायूची निर्मिती थांबलेली असताना, ती साखर जाळून नत्र बांधतो. साखर जाळताना पेशीतला उरलासुरला प्राणवायूही खर्च होतो, हा दुहेरी लाभ.

ट्रायकोडेस्मियम मात्र या दोन्ही चौकटींत बसत नाही. त्याच्याकडे हेटरोसिस्ट नाहीत आणि तो काम रात्रीवरही टाकत नाही. भर दुपारी, ऊन सर्वांत कडक असताना, त्याचे स्थिरीकरण सर्वाधिक असते आणि प्रकाशसंश्लेषणही त्याच दिवसात चालू असते. तंतूतील काही लगतच्या पेशींत नायट्रोजिनेज अधिक प्रमाणात आढळते, दिवसाच्या ओघात प्रकाशसंश्लेषणाला मध्येच काहीशी ओहोटी लागते आणि तयार झालेला प्राणवायू पेशीतच पुन्हा पाण्यात बदलणाऱ्या क्रियाही जोरात चालतात. या सगळ्यांच्या मेळातून त्याचे भागते, असे म्हणता येईल. यांपैकी कोणत्या उपायाचा वाटा किती, यावर संशोधकांत दीर्घकाळ वाद चालू आहे. जो जीव दोनशे वर्षे नावानिशी माहीत आहे, त्याने आपली मुख्य युक्ती अजून पुरती उघड केलेली नाही, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

नत्राची चिंता मिटली, मग त्यांची वाढ कशामुळे अडते?

प्रामुख्याने लोह आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, यांच्यामुळे.

नायट्रोजिनेज दोन प्रथिनांचे मिळून बनते आणि दोन्हींमध्ये लोहाचे पुंजके असतात. संपूर्ण संचात लोहाचे ३८ अणू मोजता येतात, सोबत मॉलिब्डेनमचे दोन. समुद्राच्या पाण्यात मॉलिब्डेनम पुरेसे असते, पण लोह जवळजवळ नसतेच, कारण प्राणवायूयुक्त खाऱ्या पाण्यात ते गंजाच्या रूपात साका होऊन तळाशी जाते. किनाऱ्यापासून दूरच्या पाण्याला लोहाचा नवा पुरवठा होतो तो मुख्यतः वाऱ्याने वाहून आणलेल्या धुळीतून. सहारा वाळवंटाची धूळ उत्तर अटलांटिकवर पडते, तर अरबस्तान आणि आसपासच्या कोरड्या प्रदेशांची धूळ अरबी समुद्रावर. त्यामुळे वाळवंटातले वादळ आणि समुद्रातला बहर यांचा संबंध कल्पनेतला नसून रसायनशास्त्रातला आहे.

ट्रायकोडेस्मियमच्या बोंडासारख्या जुड्या धुळीचे कण पकडतात आणि तंतूंच्या हालचालीने ते जुडीच्या मध्यभागी ओढून नेतात. तांबड्या समुद्रातल्या जुड्यांवर केलेल्या प्रयोगांत हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसले आहे. मध्यभागी धरून ठेवलेल्या कणातून लोह सावकाश विरघळत राहते आणि जुडीत राहणारे इतर जीवाणूही त्या कामाला हातभार लावतात. म्हणजे जुडी ही नुसती गर्दी नसून तिजोरीही आहे. क्रोकोस्फेराची काटकसर वेगळ्या प्रकारची आहे. दिवसा प्रकाशसंश्लेषणाच्या प्रथिनांत असलेले लोह तो संध्याकाळी मोडून काढतो, तेच रात्री नायट्रोजिनेजमध्ये बसवतो आणि पहाटे पुन्हा उलट करतो. घरात एकच चांगला सदरा असावा आणि तो दोघा भावांनी पाळीपाळीने घालावा, तसा हा हिशेब आहे.

स्फुरदाच्या बाबतीत ट्रायकोडेस्मियमची खुबी अशी की साधे फॉस्फेट संपले तरी सेंद्रिय संयुगांत अडकलेले स्फुरद तो सोडवून घेतो. त्यांतील फॉस्फोनेट नावाची संयुगे, ज्यांच्याकडे अनेक वनस्पतीप्लवकांना वळताही येत नाही, तीही त्याला चालतात.

तो पाण्यावर तरंगतो कसा आणि एका जागी पट्टा का धरतो?

त्याच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या प्रथिनांच्या भिंती इतक्या मजबूत असतात की शंभर मीटर खोलीवरच्या दाबालाही त्या चेपत नाहीत. सकाळपासून पेशीत पिष्टमय पदार्थ साठत जातात, तंतू जड होऊन खाली उतरू लागतो, रात्री तो साठा खर्च झाला की पुन्हा हलका होऊन वर येतो. वरच्या पाण्यात ऊन आणि खाली स्फुरद, अशी ही येरझार असावी, असे एक मत आहे.

एरवी ट्रायकोडेस्मियम वरच्या काही दहा मीटरांत विखुरलेला असतो आणि जहाजावरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. वारा पडून पाणी स्थिरावले की हलक्या जुड्या पृष्ठभागावर जमा होतात आणि प्रवाह एकमेकांना भेटतात त्या रेषांवर त्यांचे लांबच लांब पट्टे बनतात. त्यामुळे पट्टा दिसला म्हणजे जीव त्याच दिवशी वाढले, असे समजू नये. पुष्कळदा ते आधीपासून असतात, फक्त वर आलेले असतात. किंबहुना पृष्ठभागावर दाटीने जमलेला आणि कडक उन्हात सापडलेला बहर म्हातारा होत चाललेला असतो.

त्यांची वाढ किती वेगाने होते?

संथपणे. अनेक डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचे एकपेशीय शैवाल, अनुकूल स्थितीत दिवसात एकदा किंवा अधिक वेळा दुपटीने वाढतात, तर ट्रायकोडेस्मियमला प्रयोगशाळेतल्या चांगल्या परिस्थितीतही दोन ते चार दिवस लागतात. महागड्या विकराची ही किंमत आहे. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याची वाढ जेमतेम होते. २४ ते ३० अंश हा त्याचा सुखाचा पट्टा.

समुद्रात नत्र बांधणारे इतर जीव कोणते?

रिचेलिया आणि क्रोकोस्फेरा यांचा उल्लेख वर आला आहे. रिचेलिया हा डायटमच्या काचेसारख्या कवचाच्या आत राहतो. ऱ्हायझोसोलेनिया या डायटममध्ये तो कवच आणि पेशीपटल यांच्यामधल्या फटीत असतो, हेमिऑलसमध्ये थेट पेशीद्रवात. ॲमेझॉन नदीचे गोडे पाणी अटलांटिकमध्ये दूरवर पसरते, त्या पट्ट्यात या जोड्यांचे मोठे बहर येतात, कारण नदीच्या पाण्यातून सिलिका आणि स्फुरद मिळते, पण नत्र लवकर संपते.

प्रकाशसंश्लेषण न करणारे, दुसऱ्याच्या सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जीवाणूही नत्र बांधतात आणि त्यांची जनुके जगातल्या जवळपास सर्व समुद्रांत सापडतात. २०२४ मध्ये जर्मनीतील ब्रेमेनच्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी एका डायटमच्या आत राहणारा रायझोबियमच्या कुळातला जीवाणू नोंदवला. कडधान्यांच्या मुळांत गाठी करणाऱ्यांचा हा समुद्रातला नातेवाईक शैवालाला नत्र पुरवून त्याच्याकडून साखर घेतो, म्हणजे हरभऱ्याच्या गाठीतला करार समुद्रातही झालेला आहे.

‘नायट्रोप्लास्ट’ म्हणजे काय?

१९९८ मध्ये अमेरिकी संशोधक जोनाथन झेर यांना प्रशांत महासागराच्या पाण्यात नायट्रोजिनेजच्या जनुकाचा एक छोटा, अनोळखी तुकडा सापडला. त्याचा मालक कोण हे कळेना, कारण तो प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. पुढे त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा अधिकच आश्चर्य वाटले. हा नील-हरित जीवाणू होता, पण प्रकाशसंश्लेषणात प्राणवायू तयार करणारी यंत्रणाच त्याच्याकडे नव्हती आणि कार्बन डायऑक्साइड बांधणारे विकरही नव्हते. प्राणवायूची अडचण त्याने मुळावरच घाव घालून सोडवली होती, पण त्याच्या बदल्यात पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणे आले. हा दुसरा कोण, ते २०१२ मध्ये स्पष्ट झाले. तो होता ब्रारुडोस्फेराच्या कुळातला एकपेशीय शैवाल. या कुळातील जीव अंगावर पंचकोनी चुनखडी पत्र्यांचे बारा बाजूंचे कवच धारण करतात.

हा शैवाल वाढवणे अत्यंत अवघड होते. जपानमधील क्योको हागिनो यांनी त्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ चिकाटीने प्रयत्न केले आणि अखेर तो प्रयोगशाळेत जगवला. त्यांच्या या कामाशिवाय पुढचे काही शक्य झाले नसते. बातम्यांत त्यांचे नाव अनेकदा मागे पडले, म्हणून येथे मुद्दाम लिहिले आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्ष-किरणांच्या साह्याने पेशीचे अंतरंग पाहिले गेले. शैवालाची पेशी दुभंगताना आतला भागही ठरल्या क्रमाने दुभंगतो आणि दोन्ही कन्यापेशींच्या वाट्याला येतो, असे दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला लागणारी कित्येक प्रथिने तो स्वतः बनवत नाही. शैवाल ती बनवतो आणि त्यांना पत्त्यासारखी एक शेपटी जोडून आत पाठवतो. जो भाग यजमानाबरोबर विभागतो आणि यजमानाने पाठवलेल्या प्रथिनांवर चालतो, त्याला पाहुणा म्हणणे अवघड आहे. म्हणून त्याला पेशीचे अंगक, म्हणजे ठरलेले काम करणारा तिचाच एक भाग, मानून ‘नायट्रोप्लास्ट’ हे नाव देण्यात आले. तंतुकणिका आणि हरितलवक हीदेखील कोणे एके काळी स्वतंत्र जीवाणूच होती. त्यांचा घरोबा अब्जाहून अधिक वर्षे जुना आहे, तर नायट्रोप्लास्टचा सुमारे दहा कोटी वर्षांचा, म्हणजे नवा संसारच.

या जोडीला थंड पाण्याचे वावडे नाही. आर्क्टिकच्या पाण्यातही तिचे स्थिरीकरण मोजले गेले आहे. त्यामुळे नत्र बांधणे हे केवळ उष्ण कटिबंधातल्या समुद्राचे काम आहे, ही जुनी समजूत सोडावी लागली.

बांधलेले नत्र पुढे कोणाच्या वाट्याला येते?

सगळे त्याच जीवाच्या अंगी लागत नाही. ट्रायकोडेस्मियम बांधलेल्या नत्राचा मोठा हिस्सा, काही मोजमापांत निम्म्यापर्यंत, अमोनिया आणि अमिनो आम्लांच्या रूपात पाण्यात झिरपू देतो आणि भोवतालचे वनस्पतीप्लवक तो उचलतात. त्याला थेट खाणारे प्राणी मात्र थोडेच आहेत. मॅक्रोसेटेला हा लांबोडका कवचधारी प्राणिप्लवक त्याच्यावर चरतो, त्याच्या तंतूंना धरून तरंगतो आणि त्यांवरच आपली पिल्ले वाढवतो. बहर ओसरला की कुजणाऱ्या तंतूंतून उरलेले नत्र सुटते आणि मग त्या पाण्यात डायटम व इतर प्लवकांची पाळी येते. गोव्याच्या समुद्रात देवसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात बहर आणि त्यानंतर येणाऱ्या जीवांचा हा क्रम नोंदवला होता.

जगभरातल्या समुद्रात मिळून दरवर्षी साधारण १०० ते २०० दशलक्ष टन नत्र बांधले जाते, असे बहुतेक अंदाज सांगतात. जगातले सगळे खत-कारखाने मिळून जेवढे नत्र बांधतात, त्याच्या तोलाचा हा आकडा आहे.

या विषयात अरबी समुद्राला इतके महत्त्व का?

कारण नत्राची मोठी कमाई आणि मोठी उधळपट्टी, दोन्ही येथे एकावर एक थरांत चालतात. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्याचा जाड थर आहे. जगातल्या खुल्या समुद्रांतील अशा तीन सर्वांत मोठ्या प्रदेशांपैकी हा एक. तेथले जीवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचे पुन्हा नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. सजीवांना उपयोगी पडणारे नत्र अशा रीतीने हवेत परत जाते. स्फुरदाचे मात्र तसे होत नाही, ते पाण्यातच राहते.

समुद्रातले प्लवक सरासरीने १६ अणू नत्राला १ अणू स्फुरद या प्रमाणात वाढतात. नत्र गमावलेले खोल पाणी मोसमी वाऱ्यांच्या काळात वर येते, तेव्हा त्यात स्फुरदाच्या मानाने नत्र कमी असते. वर आल्यावर सामान्य प्लवक नत्र संपेपर्यंत वाढतात आणि थोडे स्फुरद शिल्लक राहते. पुढे फेब्रुवारी-मार्चपासून ऊन वाढते, वारे मंदावतात, वरचा उबदार थर खालच्या थंड पाण्यापासून तुटतो आणि खालून नवे नायट्रेट येणे थांबते. उबदार आणि शांत पाणी, उरलेले स्फुरद, वाऱ्याबरोबर आलेली धूळ आणि नत्राचा अभाव: ट्रायकोडेस्मियमला याहून अनुकूल मांडणी मिळणे कठीण. किनाऱ्यावर दिसणारा भुसा हा खालच्या थरात झालेल्या तुटीची वरच्या थरात होणारी भरपाई आहे. ही भरपाई तुटीला पुरी पडत नाही. अरबी समुद्राचा नत्राचा जमाखर्च एकंदरीत तोट्याचाच मानला जातो.

या समुद्राच्या अभ्यासात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा वाटा मोठा आहे, तर पूर्व अरबी समुद्रातील बहरात स्थिरीकरणाचा वेग थेट मोजण्याचे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी केले आहे.

कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात, त्या याच जीवामुळे का?

नाही. ट्रायकोडेस्मियम चमकत नाही. आपल्याकडच्या किनाऱ्यांवर रात्री दिसणारी चमक बहुतेक वेळा नॉक्टिल्युका या जीवाची असते. त्याच्या उत्तर अरबी समुद्रातल्या प्रकाराच्या पोटात हिरवे शैवाल राहत असल्याने दिवसा त्याचा बहर हिरवा दिसतो. तो नत्र बांधत नाही.

अशा पाण्यात पोहावे का? त्या भागातली मासळी खावी का?

ट्रायकोडेस्मियमचा विरळ बहर निरुपद्रवी समजला जातो. मात्र दाट पट्टा कुजू लागला की पाण्याला उग्र वास येतो, रंग हिरवट किंवा गुलाबी होतो आणि कुजण्यात प्राणवायू खर्च झाल्याने, विशेषतः खाडीसारख्या अडलेल्या पाण्यात, मासे गुदमरू शकतात. काही ठिकाणच्या नमुन्यांत विषारी द्रव्येही आढळली आहेत. म्हणून कुजलेल्या पट्ट्यात पोहू नये आणि तेथे मेलेली मासळी उचलू नये.

स्थिरीकरण मोजतात कसे?

दोन पद्धती प्रचलित आहेत. नायट्रोजिनेजला नायट्रोजनऐवजी ॲसिटिलीन वायू दिला तर ते त्याचे एथिलीन करते, म्हणून किती एथिलीन बनले यावरून विकराचा वेग कळतो. दुसऱ्या पद्धतीत १५ अणुभाराचा जड नायट्रोजन वायू बाटलीतल्या पाण्यात सोडतात आणि काही तासांनी त्यातला किती जीवांच्या अंगी उतरला ते मोजतात. २०१० मध्ये लक्षात आले की बाटलीत बुडबुडा म्हणून सोडलेला वायू पाण्यात वाटतो त्यापेक्षा बराच सावकाश विरघळतो आणि त्यामुळे जुन्या मोजमापांत वेग कमी दिसला असावा. तेव्हापासून वायू आधीच विरघळवलेले पाणी वापरण्याची रीत पडली. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून वाचताना हे ध्यानात ठेवावे.

समुद्र तापला तर हे जीव वाढतील का?

‘उबदार पाणी आवडते, म्हणून वाढतील’ हे उत्तर घाईचे आहे. तापलेल्या समुद्रात थर अधिक घट्ट बसतात आणि खालचे नायट्रेट वर येत नाही, हे त्यांच्या पथ्यावर पडते. पण त्याच कारणाने स्फुरदही वर येत नाही. शिवाय तीस-बत्तीस अंशांच्या पुढे त्यांचीही वाढ मंदावते आणि अरबी समुद्राचे पाणी उन्हाळ्यात आताच त्या मर्यादेजवळ जाते. कार्बन डायऑक्साइड वाढल्याने ट्रायकोडेस्मियम जोमाने वाढतो, असे २००७च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसले होते. नंतरच्या प्रयोगांत मात्र त्याच वायूमुळे पाणी आम्लतेकडे झुकते आणि लोह कमी असताना त्या आम्लतेने स्थिरीकरण घटते, असे आढळले. दोन्ही निष्कर्ष आपापल्या परिस्थितीत खरे आहेत, म्हणून लोह किती आहे हे विचारल्याशिवाय भाकीत करू नये.

होडीतून असा पट्टा दिसला तर तो ट्रायकोडेस्मियमच आहे हे कसे ओळखावे?

काचेच्या स्वच्छ पेल्यात किंवा पारदर्शक बाटलीत थोडे पाणी भरून ते काही मिनिटे स्थिर ठेवावे. ताज्या जुड्या हळूहळू वर येऊन पृष्ठभागावर गोळा होतात, तर गाळ तळाशी बसतो आणि तेलाचा रंगीत तवंग काचेला चिकटतो. साध्या भिंगातून पाहिल्यास भुशाचा प्रत्येक कण म्हणजे काड्यांची पेंडी किंवा कापसाचे बोंड असल्याचे दिसते. पाणी उन्हात ठेवू नये, कारण बंद बाटलीत जुड्या काही तासांतच फुटतात आणि त्यांतला लाल रंग पाण्यात उतरतो. तारीख, वेळ, किनाऱ्यापासूनचे अंतर, वाऱ्याचा जोर, पट्ट्याचा रंग आणि अंदाजे लांबी एवढी नोंद छायाचित्रासह ठेवली तर ती उपयोगी पडते, कारण उपग्रहाला आकाश निरभ्र असतानाच पाणी दिसते आणि अरुंद पट्टे त्याच्या नजरेतून सुटतात.